वापरलेले ‘लोह ऑक्साइड’ आपोआप पेटू शकते, त्याची चाचणी सक्तीची करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साखर कारखान्यांच्या आवारात उभ्या राहणाऱ्या सीबीजी, म्हणजे संपीडित बायोगॅस प्रकल्पांच्या बातम्या सध्या सतत येतात. 2018 साली केंद्र सरकारने सीबीजीला चालना देणारी ‘सतत’ योजना आणली. तेव्हापासून प्रेसमड (उसाचा रस गाळून उरणारा गाळ) आणि स्पेंट वॉश (मद्यार्क बनवून उरणारे सांडपाणी) यांपासून गॅस काढण्याला वेग आला, आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र या प्रकल्पांतून दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जो एक घन कचरा बाहेर पडतो, त्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू शोषून घेण्यासाठी टॉवरमध्ये, म्हणजे उभ्या टाकीत भरलेल्या आणि आता काळ्या पडलेल्या लोह ऑक्साइडच्या गोळ्या, हा तो कचरा. तो हवेत उघडा पडला की आपोआप तापतो आणि पेटूही शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत ‘वापरलेले लोह ऑक्साइड’ ही स्वतंत्र नोंद आहे: क्रमांक 1376, वर्ग 4.2, म्हणजे स्वयंज्वलनशील पदार्थ. तरीही अशा मालाच्या पोत्यावर नुसते ‘आयर्न ऑक्साइड, ज्वलनशील नाही’ असे लिहिले जाण्याची शक्यता मोठी आहे. नव्या मालाच्या सुरक्षा पत्रकावर तेच लिहिलेले असते आणि तेच पत्रक जुन्या मालालाही जोडून टाकणे सोपे असते.

नव्या मालाबद्दल ते विधान खरेच आहे. लाल-तपकिरी लोह ऑक्साइड हे पूर्ण ऑक्सिडीकरण झालेले लोखंड. त्यात आणखी जळण्यासारखे काही उरलेले नसते. ॲल्युमिनियम किंवा झिंक ऑक्साइडचेही तसेच. पण टॉवरमधून बाहेर निघालेला काळा माल रासायनिकदृष्ट्या ऑक्साइड राहिलेलाच नसतो, त्याचे लोह सल्फाइड झालेले असते. ऑक्सिजन मिळताच हे सल्फाइड उलट दिशेने ऑक्साइडकडे वळते, गंधक मोकळा सोडते आणि त्या वाटेवर भरपूर उष्णता देते. शोषलेल्या हायड्रोजन सल्फाइडच्या दर ग्रॅम-मोलमागे (सुमारे 34 ग्रॅममागे) टॉवरमध्ये शोषणाच्या वेळी साधारण 22 किलोज्यूल उष्णता निघते, तर हवेत परत ऑक्साइड होताना 198 किलोज्यूल. शोषणाची उष्णता अनेक दिवसांत विभागून येते आणि गॅसबरोबर वाहून जाते, म्हणून टॉवर चालू असताना कोणाला काही जाणवत नाही. राहिलेली नऊपट उष्णता माल बाहेर काढल्यावर निघते आणि ढिगाच्या पोटात अडकते.

हा धोका नवा नाही. युरोपात 19 व्या शतकात दगडी कोळशापासून शहराचा गॅस बनवत, तेव्हा तो लोह ऑक्साइडनेच शुद्ध करत. त्या कारखान्यांना वापरलेल्या ऑक्साइडचे ढीग तापतात हे चांगले माहीत होते. आपल्याकडे तोच पदार्थ नव्या नावाने आला आहे आणि ती जुनी माहिती मात्र सोबत आलेली नाही.

आकडे मांडले म्हणजे धोक्याचा आकार कळेल. रोज 10,000 घनमीटर बायोगॅस काढणारा आणि गॅसमध्ये 2,000 पीपीएम (दहा लाख भागांत 2,000 भाग) हायड्रोजन सल्फाइड असणारा प्रकल्प घ्या. रोज सुमारे 28 किलो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे 26 किलोच्या आसपास गंधक टॉवरमध्ये अडकतो. माल वजनाच्या 20 टक्के गंधक धरून बाद होतो असे मानले, तर महिन्याला जवळपास 4 टन काळा माल. स्पेंट वॉशच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांत मोजावा लागतो, तिथे आधी वेगळा स्क्रबर (गॅस धुऊन काढणारे यंत्र) नसेल तर हा आकडा कितीतरी पटीने वाढतो.

आता त्यातला एक टन घेऊ, आणि त्यात सल्फाइडच्या रूपातला गंधक फक्त 100 किलो आहे असे धरू. तो पूर्ण ऑक्सिडाइज झाला तर सुमारे 620 मेगाज्यूल उष्णता निघेल. एवढ्या उष्णतेत 30 अंशांचे साधारण 240 किलो पाणी उकळून वाफ होऊन जाते. त्या टनात तेवढे पाणी असेल तर ढीग 100 अंशांच्या आसपास वाफाळत राहतो. पाणी कमी असेल तर ते संपल्यावर तापमान 100 च्या वर चढू लागते. 115 ते 119 अंशांना मोकळा झालेला गंधक वितळतो आणि 230 ते 250 अंशांच्या सुमारास पेट घेतो. एकदा गंधक पेटला की त्याच्या दर किलोमागे आणखी सव्वानऊ मेगाज्यूल उष्णता आणि गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. गोळ्यांऐवजी ऑक्साइड लावलेला लाकडाचा भुसा किंवा चिपा वापरल्या असतील तर इंधन आयतेच आहे.

म्हणूनच अर्धवट ओला ढीग सगळ्यांत वाईट. सल्फाइडचे ऑक्सिडीकरण नेहमीच्या तापमानाला व्हायला थोडे पाणी लागते. माल चिंब असेल तर छिद्रे पाण्याने भरलेली असतात आणि हवा आत शिरत नाही. वरून सुकत आलेल्या ढिगात मात्र प्रक्रियेला पुरेल एवढी ओल असते, हवेला वाट मिळते, आणि उष्णता उचलून न्यायला पुरेसे पाणी नसते. हंगाम संपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत देखभालीसाठी टॉवर रिकामे करून माल उघड्यावर टाकला, की विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात नेमकी हीच अवस्था दोन-तीन दिवसांत येते.

इथे सीबीजीचा एक खास मुद्दा आहे. बॉयलर किंवा इंजिनासाठी गॅस वापरणारे जुने प्रकल्प गॅसमध्ये थोडी हवा मिसळतात. त्यामुळे टॉवरमध्येच सल्फाइडचे परत ऑक्साइड होत राहते आणि बाहेर पडणारा माल त्यामानाने शांत असतो. सीबीजीत हवा मिसळता येत नाही, कारण हवेतला नायट्रोजन मिथेनचे प्रमाण खाली आणतो आणि विक्रीच्या गॅसमध्ये मिथेन किमान 90 टक्के लागतो. परिणामी सीबीजीच्या टॉवरमधून निघणारा माल जवळजवळ पूर्ण सल्फाइड अवस्थेत असतो. जुन्या बायोगॅस प्रकल्पावर ‘आम्ही वर्षानुवर्षे ढीग उघड्यावर टाकतो, काही होत नाही’ असे जे ऐकायला मिळते, ते त्या प्रकल्पापुरते खरे असू शकेल. सीबीजीला ते लागू करू नये.

आता चाचणीबद्दल, कारण आमची मुख्य मागणी तीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी नियमावलीत दोन चाचण्या आहेत. पहिली एन-2. एक-दोन घनसेंटिमीटर पूड एक मीटर उंचीवरून न जळणाऱ्या पृष्ठभागावर टाकायची आणि पाच मिनिटांत पेटते का ते बघायचे, असे सहा वेळा. ही चाचणी हवेत येताक्षणी पेटणाऱ्या पदार्थांसाठी आहे. वापरलेले लोह ऑक्साइड बहुधा ती सहज उत्तीर्ण होते आणि ‘पेटत नाही’ असा दाखला हाती येतो. त्या दाखल्यावर विसंबू नका. ढीग तापण्याचा धोका एन-4 या चाचणीत कळतो. अत्यंत बारीक जाळीच्या 100 मिलिमीटर बाजूच्या घन पेटीत, म्हणजे एक लिटर आकारमानात, माल भरायचा. मध्यभागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवायचा आणि हवा खेळत्या 140 अंशांच्या भट्टीत पेटी 24 तास टांगायची. आतले तापमान 200 अंशांच्या वर गेले किंवा माल पेटला, तर निकाल होकारार्थी. मग 25 मिलिमीटरच्या छोट्या पेटीत तेच करायचे. तीही तापली तर धोक्याची पातळी वरची.

मोठी पेटी तापली आणि छोटी तापली नाही, तर पुढचा निर्णय माल कशात भरणार यावर ठरतो. 3 घनमीटरपेक्षा मोठ्या आकारमानात भरणार असाल तर 140 अंशांचा निकालच पुरेसा, माल वर्ग 4.2 मध्ये जातो. 450 लिटरपेक्षा मोठ्या पॅकिंगसाठी 120 अंशांवर आणि त्याहून लहान पॅकिंगसाठी 100 अंशांवर मोठ्या पेटीची फेरचाचणी होते. एक टनाची जम्बो बॅग साधारण एक घनमीटरची असते, म्हणजे तिला 120 अंशांचा निकष. तोच माल ट्रकच्या हौद्यात सुटा भरला की 140 अंशांचा. जेवढे आकारमान मोठे तेवढी उष्णता बाहेर पडायला जागा कमी, एवढेच त्यामागचे शास्त्र. हा निकष लोणारी कोळशावर बेतलेला आहे: 27 घनमीटरच्या ढिगात तो कोळसा 50 अंशांनाच आपोआप पेट घेतो.

पण वापरलेल्या लोह ऑक्साइडच्या बाबतीत एन-4 ला दोन मोठ्या फटी आहेत आणि प्रयोगशाळेला नमुना पाठवणाऱ्याने त्या समजून घ्यायलाच हव्यात. पहिली म्हणजे 140 अंशांच्या भट्टीत माल आधी सुकतो. ओलसर अवस्थेत 35-40 अंशांना जी प्रक्रिया चालते, ती या चाचणीत दिसतच नाही. म्हणून निकाल नकारार्थी आला तरी दमट हवेतली वेगळी चाचणी घ्यावी. कंपोस्टची उष्णता मोजायला वापरतात तसा दीड-दोन लिटरचा निर्वात फ्लास्क (थर्मास) घ्यावा, माल जसा निघाला त्याच ओलीचा भरावा, ओलावलेली हवा खालून अगदी मंद सोडावी आणि 48 तास तापमानाची नोंद ठेवावी. त्या आलेखाचा चढ बघितला की ढिगात काय होणार याचा अंदाज येतो. हा प्रमाणित वर्गीकरणाला पर्याय नाही, पण प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत होऊ शकतो.

दुसरी फट नमुन्याची. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून कुरिअरने पाठवलेला नमुना वाटेतच ऑक्सिडाइज होतो. काळा माल भुरा-लालसर होऊन पोचला, तर प्रयोगशाळा मेलेल्या मालाची चाचणी करते आणि अहवाल निर्धोक येतो. नमुना रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरावा, वरची मोकळी जागा नायट्रोजनने भरावी, बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवावा आणि अहवालात नमुन्याचा पोचतानाचा रंग व ओलाव्याची टक्केवारी लिहून मागावी. नमुना कुठून घेतला हेही तितकेच महत्त्वाचे. गॅस ज्या बाजूने टॉवरमध्ये शिरतो, तिथल्या थरात सल्फाइड सर्वाधिक असते. सगळे थर मिसळून केलेला सरासरी नमुना सर्वांत वाईट थराला झाकून टाकतो. प्रवेशाच्या बाजूचा थर स्वतंत्र तपासावा, आणि एकूण गंधकाचा आकडा न मागता सल्फाइड आणि मोकळा गंधक वेगवेगळे मागावेत. उष्णता निर्माण करणारा साठा सल्फाइडचा असतो, मोकळा गंधक हे नंतरचे इंधन. खूप मोठा साठा करायचा असेल तर तीन-चार आकारांच्या पेट्यांत कोणत्या तापमानाला माल पेटतो ते शोधून साठ्याच्या आकारापर्यंत गणित ताणता येते. धुळीच्या साठ्यांसाठी युरोपची ईएन 15188 ही पद्धत त्यासाठीच आहे.

माल काढण्याची रीत नीट पाळली तर धोका पुष्कळ कमी होतो. दोन टॉवर एकामागोमाग जोडलेले असावेत, म्हणजे पहिला बाद झाला तरी दुसऱ्यावर गॅस चालू ठेवून घाई न करता काम होते. रिकामा करायचा टॉवर नुसता व्हॉल्व्ह बंद करून वेगळा होत नाही, दोन्ही बाजूंना ब्लाइंड प्लेट (नळी पूर्ण बंद करणारी चकती) टाकावी. नायट्रोजन फिरवून आतला मिथेन 1 टक्क्याच्या खाली आणावा, त्याची स्फोटाची खालची मर्यादा 5 टक्के आहे. त्यानंतर शक्य असेल तर टॉवरमध्येच सल्फाइड मारावे, म्हणजे त्याचे हळूहळू परत ऑक्साइड करून टाकावे. नायट्रोजन फिरता ठेवून त्यात हवा अगदी थोडी सोडावी, सुरुवातीला ऑक्सिजन 1 टक्क्याच्या आसपास, आणि बाहेर येणाऱ्या वायूचे तापमान 50 अंशांच्या वर जाऊ लागले की हवा तोडावी. माल ओला ठेवावा, निथळणाऱ्या पाण्याचा पीएच सोडा ॲशने (धुण्याच्या सोड्याने) 8 ते 10 दरम्यान राखावा. बाहेर येणाऱ्या वायूतला ऑक्सिजन आत सोडलेल्या ऑक्सिजनइतका झाला आणि तापमान चढेनासे झाले, की काम संपत आले. याला दोन-तीन दिवस लागू शकतात. ठेकेदाराला ते दिवस वाया वाटतात, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

ते जमत नसेल तर टॉवर पाण्याने पूर्ण भरावा, निथळू द्यावा आणि ओला मालच खालच्या मॅनहोलमधून काढावा. छताखालच्या, बाजूंनी उघड्या शेडमध्ये, काँक्रीटच्या ओट्यावर 15 सेंटिमीटरपेक्षा जाड नाही असा थर पसरावा आणि दहा दिवस सतत ओला ठेवून उलथत राहावे. ओट्याला कड आणि नाली हवी, कारण निथळणारे पाणी आम्लयुक्त होत जाते. एक मीटर लांब दांड्याचा तापमापक रोज अनेक जागी खुपसून बघावा. 50 अंश दिसले की तो भाग लगेच पातळ पसरून पाणी मारावे. काळा रंग पूर्ण जाऊन माल तपकिरी झाल्याशिवाय जम्बो बॅगेत भरू नये आणि ताडपत्रीखाली झाकू तर अजिबात नये. पावसापासून वाचवायला टाकलेली ताडपत्री उष्णताही कोंडून ठेवते.

टॉवरमध्ये माणूस उतरवू नये. तिथे हायड्रोजन सल्फाइडचे भय सगळ्यांना माहीत असते. पण ओले सल्फाइड ऑक्सिजनही खाते, हे बहुतेकांना माहीत नसते. सकाळी मीटरवर 20.9 टक्के दाखवणाऱ्या बंद भांड्यात काही तासांत ऑक्सिजन घातक पातळीपर्यंत उतरू शकतो. पाण्याचा जेट लावून, बाहेरून खरवडून माल काढता येतो. उतरणे अटळच असेल तर ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या वर आहे याची सतत मोजणी, बाहेरून हवेचा पुरवठा असलेला मुखवटा, दोरी आणि मॅनहोलवर थांबलेला दुसरा माणूस, यातले एकही सुटता कामा नये.

साखर कारखान्यात आणखी एक मोह होतो: काळा माल प्रेसमडच्या कंपोस्टमध्ये मिसळून टाकण्याचा. हे कृपया कोणी करू नये. कंपोस्टचा ढीग मुळातच 60 ते 65 अंशांपर्यंत तापलेला असतो, आणि त्यावर फवारल्या जाणाऱ्या कच्च्या स्पेंट वॉशचा पीएच 4 च्या आसपास असतो. लोह सल्फाइडवर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड परत मोकळा होतो, म्हणजे टॉवरमध्ये अडकवलेले विष ढिगावर काम करणाऱ्या मजुराच्या नाकाशी सुटते.

आग लागलीच तर अग्निशमन दलाला तो माल काय आहे हे आधी माहीत असले पाहिजे. जालना, चंद्रपूर या भागांतल्या पोलाद उद्योगात स्पंज आयर्नचे साठे असतात. तापलेल्या स्पंज आयर्नवर पाणी मारले की हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिथे पाणी टाळतात. वापरलेल्या लोह ऑक्साइडला मात्र पाणीच हवे, तेही भरपूर आणि फवाऱ्याच्या रूपात. जोराच्या धारेने गंधकाची पूड हवेत उडून भडका होऊ शकतो. ढीग लोडरने फोडून आतपर्यंत भिजवावा लागतो आणि जवानांना सल्फर डायऑक्साइडसाठी श्वसनयंत्रे लागतात. दोन्ही मालांना ‘आयर्न’ म्हणून एकच पद्धत लावली तर कुठेतरी उलटे होणार.

धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत, ओलावा शोषून किंवा आपोआप होणाऱ्या रासायनिक बदलामुळे आग लावू शकणारा घन कचरा ज्वलनशील गणला जातो आणि असा कचरा आवारात सर्वसाधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कायदा आहे. त्याखाली हा माल येतो हे कोणी लिहून देत नाही, एवढीच अडचण. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने सीबीजी प्रकल्पाच्या संमतिपत्रात ‘वापरलेले लोह ऑक्साइड’ हे नाव घालावे आणि त्यासोबत प्रत्येक प्रकल्पाच्या मालाचा एन-4 अहवाल, सल्फाइड गंधकाची टक्केवारी आणि नमुना कोणत्या थरातून, कोणत्या अवस्थेत घेतला याची नोंद मागावी. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड ऋतूप्रमाणे आणि कच्च्या मालाप्रमाणे बदलतो, तेव्हा एकदाच काढलेला अहवाल पाच वर्षे चालू नये. कच्चा माल बदलला की चाचणी पुन्हा व्हावी. माल पुरवणाऱ्या कंपन्यांनी वापरलेल्या मालाचे वेगळे सुरक्षा पत्रक द्यावे, आणि कारखान्यांनी खरेदीच्या करारातच ते आणि माल परत नेण्याची जबाबदारी लिहून घ्यावी. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीच्या विल्हेवाट केंद्रांकडे जाणाऱ्या ट्रकवर क्रमांक 1376 आणि वर्ग 4.2 चा फलक असावा, आणि चालकाच्या हातातल्या ट्रेम कार्डवर (वाहतुकीतल्या आपत्कालीन सूचनांच्या कार्डवर) मराठीत एवढे तरी असावे: माल गरम लागला किंवा काडेपेटीसारखा वास आला तर ताडपत्री ओढू नका, ट्रक वस्तीपासून दूर मोकळ्या जागी लावा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा आणि पाण्याचा टँकर मागवा.

आपले,
बायोगॅस शुद्धीकरण आणि औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणारे काही रसायन अभियंते